जनगणनेत पणजोबा सापडत नाहीत, मग शोधायचे कुठे?

विट्याला तहसील कचेरीसमोर माझं टेबल आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वारस नोंदीचे कागद हे रोजचं काम. मे महिन्यात गावोगावच्या जत्रांना आणि पुन्हा दसऱ्याला पालखीच्या शर्यतीसाठी गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे, घरी आले की वेगळंच गिऱ्हाईक वाढतं. सोन्या-चांदीच्या गलाईवर कोइमतूर, कानपूर, कोचीनकडं दोन-तीन पिढ्या काढलेली ही माणसं. आजोबांचं नाव तोंडपाठ, पणजोबांचं अर्धवट, त्याच्या मागं काहीच नाही. पोरांना वंशावळ हवी असते. मागणीही ठरलेली: "ताई, ब्रिटिशांच्या काळातल्या जनगणनेचा उतारा काढून द्या."

तो उतारा निघत नाही. कुणी पैसे घेऊन काढून देतो म्हणाला, तर देऊ नका.

आपल्याकडं जनगणनेचा कायदा १९४८ चा आहे. त्याच्या कलम १५ प्रमाणे जनगणना अधिकाऱ्यानं कामात भरलेलं कुठलंही पुस्तक, नोंदवही किंवा कागद पाहण्याचा हक्क कुणालाच नाही, आणि त्यातली नोंद कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. शंभर वर्षांनी खुलं करू, असली मुदत त्यात नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून बघू म्हणणारे बरेच येतात. नावानिशी माहिती त्याही वाटेनं मिळत नाही. ब्रिटिश काळातल्या मोजणीचं तर मुळातच असं होतं, की आकडे बेरजेत गेले, तक्ते छापले आणि घराघरातली नावं लिहिलेले कागद रद्दीत गेले. म्हणजे तुमच्या पणजोबांचं नाव कुलूपबंद कपाटात पडून आहे, अशी आशाही धरू नका.

मग ही कल्पना येते कुठून? परदेशातून. तिकडच्या कचेरीत सोबत काम करणारा गोरा माणूस मोबाइलवर आपल्या पणजोबाचं १९२१ सालचं घर, माणसं, धंदा, सगळं दाखवतो, आणि आपल्या पोराला वाटतं इकडंही असंच असेल. इंग्लंड-वेल्समध्ये शंभर वर्षांनी नावं खुली होतात; १९२१ ची जानेवारी २०२२ मध्ये झाली. अमेरिकेत मुदत ७२ वर्षांची, म्हणून १९५० ची १ एप्रिल २०२२ ला उघडली. आयर्लंडनं १९०१ आणि १९११ ची सगळी पानं फुकट बघायला ठेवली आहेत. तुमच्या घरातली एखादी शाखा तिकडं जुन्या काळी गेली असेल, तर तिथं जरूर शोधा. फक्त इंग्लंडची १९३१ ची कागदपत्रं १९४२ च्या आगीत जळाली आणि युद्धामुळं १९४१ ला तिकडं मोजणीच झाली नाही. म्हणून १९२१ च्या पुढची जनगणना हवी असेल, तर १९५१ ची उघडेपर्यंत, म्हणजे २०५२ पर्यंत थांबावं लागेल; मधल्या काळासाठी युद्धाच्या सुरुवातीला केलेली १९३९ ची नोंदवही तेवढी बघता येते.

जनगणना तरीही उघडायची

नावं नसली तरी छापील खंड खुले आहेत. १८७२ पासूनचे अहवाल आणि तक्ते जनगणना आयुक्तांच्या संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात. पुण्याच्या गोखले संस्थेच्या ग्रंथालयानंही जुने सरकारी ग्रंथ चांगले स्कॅन करून ठेवलेत. माझ्या मते शोधाची सुरुवात इथूनच करावी. कारण पणजोबांचं गाव त्या वेळी कुणाच्या राज्यात होतं, हे ठरल्याशिवाय कुठल्या कचेरीचं दार वाजवायचं ते कळत नाही.

आपल्या भागात हा घोळ फार आहे. खानापूर, तासगाव, वाळवा हे तालुके जुन्या सातारा जिल्ह्यातले. १९४९ ला जिल्हा फुटला, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा झाले. १९६० ला दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. म्हणून विट्याच्या माणसानं १९४१ पर्यंत 'सातारा' खंडात, १९५१ ला 'दक्षिण सातारा' आणि १९६१ पासून 'सांगली' या नावाखाली बघायचं. 'सांगली' असा शोध टाकून जुना खंड उघडला, तर लागतं ते सांगली संस्थान. ते पटवर्धनांचं, आणि त्याचे तुकडे विखुरलेले: मंगळवेढा त्यात, तेरदाळ त्यात, बेळगावजवळचं शहापूर त्यात, पार खाली शिरहट्टी त्यात. १९०१ ला त्या सगळ्याची मिळून लोकसंख्या २,२६,१२८ होती. त्यात विटा नाही, तासगाव नाही. उलट आटपाडी आणि कुंडल औंध संस्थानात, जत जत संस्थानात, बुधगाव मिरजेच्या धाकट्या पातीत. ही गावं साताऱ्याच्या तक्त्यात कितीही शोधली तरी मिळणार नाहीत. संस्थानांचे तक्ते वेगळे आहेत.

दुसरा उपयोग आकड्यांचा. १९०१ च्या मोजणीत सातारा जिल्ह्यात ११,४६,५५९ माणसं भरली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे सहा टक्के कमी. मधल्या काळात दोन दुष्काळ आणि प्लेग होऊन गेला होता. तसंच १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्ल्यूएन्झाची साथ. घरात "आजोबा पोरके वाढले, मामाकडं राहिले" एवढंच सांगितलं जात असेल आणि आजोबांचा जन्म १९१० च्या आसपासचा असेल, तर मी पहिल्यांदा १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची मृत्यूची पानं मागते. नेहमी सापडतं असं नाही. पण शंभर वर्षांच्या वह्या चाळण्यापेक्षा दोन महिन्यांची पानं चाळणं परवडतं.

गावनिहाय आकडे सहज हाताशी येतात ते १९५१ पासून, जिल्हा जनगणना पुस्तिकेत. त्याआधीच्या छापील खंडांत तालुका आणि मोठी गावं एवढ्यावरच भागवलेलं असतं. १९६१ पासूनच्या पुस्तिकांत गावात शाळा, पोस्ट, दवाखाना होता का, पाणी विहिरीचं की ओढ्याचं, हेही मिळतं. साताऱ्याकडच्या लोकांनी १९५१ ची पुस्तिका मुद्दाम बघावी. कोयनेच्या धरणात पाटण-जावळीकडची गावं बुडाली, माणसं ठाण्या-रायगडापासून सोलापूर-सांगलीपर्यंत पांगली. त्या गावांची भरल्या घरांची मोजणी या पुस्तिकेत आहे. पुनर्वसित वसाहतीत जन्मलेल्या माणसाला मूळ गावाचं नेमकं नाव आणि तालुका तिथंच पक्का करता येतो.

१९५१ च्या बाबतीत आणखी एक गोष्ट. त्या जनगणनेसोबत घरातल्या माणसांची नावं उतरवून नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही केली होती. अलीकडं कुणबी नोंदींसाठी सरकारनं जी कागदपत्रं तपासायची यादी दिली, तीत या नोंदवहीचंही नाव होतं. जनगणनेच्या सगळ्यात जवळ जाणारा नावांचा कागद हाच. आपल्या तालुक्यात ती शिल्लक असेलच असं धरून चालू नका, पण अर्जात एक ओळ तिच्यासाठी घालाच.

कोतवाल बुक

खरा खजिना हा. गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंदवही. बोलताना सगळे कोतवाल बुक म्हणतात. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतरचं काम ग्रामपंचायतीकडं. त्याआधीच्या वह्या तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये लाल फडक्यात बांधलेल्या असतात. तालुका नवा असेल तर गठ्ठे जुन्या तालुक्यात आहेत का तेही विचारा. कडेगाव खानापुरातून निघालं, पलूसचा मोठा भाग तासगावातला. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमल्यावर गावोगावच्या या वह्या शोधून स्कॅन झाल्या. त्यामुळं कचेरीत जाण्याआधी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आपलं गाव आहे का बघावं. पण एक लक्षात ठेवा. त्या शोधात कुणबी लिहिलेलं पान निवडून काढलं गेलं. तुमचं पान त्या निवडीत नसलं, म्हणजे वहीत नाही असा अर्थ होत नाही.

वहीत काय असतं? तारीख, मुलगा की मुलगी, बापाचं नाव, जात, राहणार. मृत्यूच्या बाजूला वय आणि कारण. कारण वाचताना अंगावर काटा येतो. ताप, पटकी, देवी, गाठीचा ताप. ओळीनं एकाच घरातली नावं.

आडनाव बहुतेक वेळा नसतंच, आणि इथंच निम्मे लोक हात टेकतात. 'रामा बिन बापू' म्हणजे बापूचा मुलगा रामा. 'सखू कोम रामा' म्हणजे रामाची बायको सखू. 'वलद' दिसलं तर तेही अमक्याचा मुलगा. एका गावात एका जातीचे चार रामा बापू असणारच. म्हणून एकट्या नावावर जाऊ नका. नवरा, बायको, भाऊ आणि पोरांची नावं एकत्र जुळवा, जोडीला जमिनीचा गट किंवा सर्व्हे नंबर. घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून आधी भावकीतली सगळी नावं लिहून आणायला मी त्यासाठीच सांगते. टोपणनावंसुद्धा. जन्माच्या बाजूला बाळाचं नाव नसतं, नुसतं 'मुलगा' असतं, तेव्हा बापाच्या नावावर आणि भावंडांमधल्या अंतरावरच काम करावं लागतं.

साल वाचताना सांभाळा. जुन्या कागदांवर शके असेल तर ७८ मिळवा. फसली असेल तर ५९०. वर्ष मृगाला, ७ जूनच्या सुमाराला बदलतं. फसली १३२० म्हणजे इसवी १९१०-११. मृत्यूच्या वेळचं वय हे अंदाजपंचे. 'साठ' लिहिलंय म्हणून जन्मसाल काढायला बसू नका, दहा वर्षं इकडं-तिकडं सहज असतं.

लिपी मोडी असेल तर घाबरून परत जाऊ नका. फोटो काढायला परवानगी मिळाली तर काढा, नाही तर नक्कल घ्या आणि जाणकाराकडून वाचून घ्या. पुराभिलेख विभाग मोडीचे अल्पमुदतीचे वर्ग भरवतो. मी तशाच वर्गात शिकले. पूर्ण पत्र वाचायला वर्षं लागतात, पण कोतवाल बुकातले शब्द तेच तेच असतात. नावं, बिन, कोम, ताप. चार आठवडे रोज तासभर बसलात तर आपल्या गावाची वही आपली आपण चाळता येते. भाड्यानं वाचून घेत असाल तर वाचणाऱ्याला कुठलं नाव हवंय ते आधी सांगू नका. जे दिसतंय ते लिहा म्हणावं. हवं ते नाव ऐकलं की माणसाला मोडीत तेच दिसायला लागतं.

फेरफार, आणि बायकांची नावं

जमीन असलेल्या घराला फेरफारासारखा कागद नाही. गाव नमुना ६, जमिनीच्या हक्कातले बदल लिहायची वही. 'अमुक मयत झाल्यानं वारस' अशी नोंद लागली की एका ओळीत एक पिढी मिळते. आजच्या सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक घ्या, तो फेरफार काढा, त्यात मागचा क्रमांक दिसतो, तो काढा, असं जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखं खाली जायचं. हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ चा, तेव्हा फार तर तिथपर्यंत. त्याच्या मागं जायचं तर भूमी अभिलेख कार्यालयातली मोजणीची जुनी पत्रकं बघावी लागतात. वाचताना 'अ.पा.क.' दिसलं तर पुढचं नाव अज्ञान मुलाचं पालनकर्तेपण कुणाकडं होतं ते सांगतं. बाप लवकर गेल्याची ती खूण. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, सहसा थोरला भाऊ. त्याच्या एकट्याच्या नावाला फसून धाकट्यांना वंशावळीतून गाळू नका.

मुली जुन्या फेरफारात जवळजवळ नसतातच. १९५६ च्या वारसा कायद्यानंतर त्यांची नावं यायला लागली, सासरच्या नावागावासकट. आणि गंमत म्हणा की आणखी काही, त्यांची सगळ्यात पूर्ण नोंद कुठं मिळते? हक्कसोडपत्रात. भावाला जमीन सोडून दिली त्या दिवशी बहिणीचं नाव, वय, नवऱ्याचं नाव, सासरचं गाव, सगळं व्यवस्थित लिहिलं गेलं. आत्यांच्या शाखा शोधणाऱ्यांनी दुय्यम निबंधकाकडची सूची मागावी.

वतनदार घराण्यांचं काम त्या मानानं सोपं. पाटील, कुलकर्णी, गुरव यांची वतनाची कागदपत्रं असतात, आणि इनामाचं प्रकरण जुनं असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारापर्यंत जाता येतं. पेशवे दफ्तर तिथं आहे, साताऱ्याच्या छत्रपतींच्या दफ्तरातले कागदही. पण माझ्या अनुभवात सगळ्यात लांब नामावळी सापडते ती महार वतनाच्या जमिनीवर. तुकडा एवढासा आणि हिस्सेदार पानभर. १९५८ च्या कायद्यानं ती वतनं गेली आणि जमीन पुन्हा नावावर करून देताना कुणाचा किती आणा हिस्सा ते नावानिशी लिहिलं गेलं. हा फेरफार मिळाला तर अख्खी भावकी हाताशी येते. कूळ म्हणून कसणाऱ्यांनी १ एप्रिल १९५७ नंतरची कूळ कायद्याच्या कलम ३२ ग ची, म्हणजे कुळाला जमीन विकत मिळाल्याची, प्रकरणं बघावीत.

ज्यांना कधी जमीनच नव्हती त्यांना हे सगळं निरुपयोगी. त्यांच्यासाठी कोतवाल बुक आणि शाळेचं जनरल रजिस्टर, हे दोनच मोठे आधार. गावच्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापकांना अर्ज द्या. त्यात बापाचं नाव, जात, जन्मगाव आणि कुठल्या शाळेतून आला ते असतं. १ जूनची जन्मतारीख दिसली की ती गुरुजींनी दिलेली समजायची.

कागदाबाहेरचे

हेळवी अजून येतात. बेळगावकडून, बैल घेऊन, सुगी झाली की दारात. घराण्याची नावं वहीत किंवा तोंडपाठ, धान्य-कापड घेऊन म्हणून दाखवतात. गलाईवाल्यांच्या घराला कुलूप असतं म्हणून त्यांची वही पुढं सरकलेली नसते, पण भावकीतल्या कुणाकडं तरी ते थांबलेले असतात. विचारा, पुढच्या वेळी आले की फोन करा म्हणून सांगून ठेवा. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्यांतही पूर्वजांच्या सह्या, नावं मिळतात. यातलं मूळ पुरुषापर्यंतचं सगळं मी खरं धरत नाही. पाच-सहा पिढ्यांच्या मागं प्रत्येक घराणं कुठल्या तरी राजाला जाऊन मिळतं. अलीकडच्या चार पिढ्या मात्र कोतवाल बुकाशी ताडून बघितल्या, की आश्चर्य वाटावं इतक्या जुळतात.

पणजोबा पलटणीत होते आणि पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात गेले, असं सांगितलं जात असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादी इंटरनेटवर फुकट आहे. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव आणि 'सातारा' जिल्ह्यातलं गाव दिलेलं असतं. नावाचं इंग्रजी स्पेलिंग कारकुनानं कानावर पडलं तसं लिहिलंय, म्हणून नावापेक्षा गावावरून शोधा.

सापडलेलं सगळं भावकीच्या व्हॉट्सअॅप गटावर लगेच टाकू नका, एवढं मात्र सांगते. दुसरी बायको, दत्तक, फारकत, अनौरस म्हणून गाळलेला मुलगा, हे सगळं त्या वह्यांत उघडं लिहिलेलं असतं, आणि त्यांची नातवंडं त्याच गटात असतात. आधी थोरल्या माणसाशी बोला.

अर्ज असा लिहा

लोक अर्जात 'आमच्या पूर्वजांची नोंद द्यावी' लिहितात आणि 'नोंद आढळून येत नाही' असं उत्तर येतं. कारकुनाचा दोष नाही, त्याला काय शोधायचं तेच कळलेलं नसतं. नमुना, गाव आणि साल लिहा. मी लिहिते तो मजकूर असा:

प्रति, मा. तहसीलदार साहेब, खानापूर (विटा).
विषय: मौजे (गाव) येथील गाव नमुना १४, सन १९१० ते १९२५, पाहणीस मिळणे व आवश्यक पानांच्या नकला मिळणेबाबत.
महोदय, वरील गावी माझे पूर्वज राहत होते. त्यांची नावे (नाव) बिन (बापाचे नाव), पत्नी (नाव), भाऊ (नाव) अशी आहेत. कौटुंबिक वंशावळीकामी सदर कालावधीतील जन्म-मृत्यू नोंदवही समक्ष पाहण्यास परवानगी मिळावी. तसेच सन १९५१ ची नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही उपलब्ध असल्यास ती पाहण्यास मिळावी. आवश्यक पानांच्या प्रमाणित नकलांची फी भरण्यास तयार आहे. सोबत: आधार कार्डाची प्रत, गावच्या सातबाऱ्याची किंवा आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची प्रत.

कोर्ट फी तिकीट लावायला विसरू नका. 'पाहणी' हा शब्द नकलेच्या आधी हवा, म्हणजे वही तुमच्यासमोर येते आणि शेजारच्या पानावरचा भाऊ तुमचा तुम्हाला दिसतो. सालांची मर्यादा पंधरा वर्षांच्या वर नेऊ नका. संपलं की दुसरा अर्ज. सोमवारी आणि बाजारच्या दिवशी जाऊ नका, रेकॉर्डकीपरला मान वर करायला सवड नसते. अर्जाची दुसरी प्रत सोबत न्या, तिच्यावर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. वही जीर्ण आहे किंवा सापडत नाही असं तोंडी सांगितलं, तर तेच लेखी मागा. त्या लेखी उत्तरावर साहेबांची सही लागते, आणि सही करायची वेळ आली की पुष्कळदा गठ्ठा सापडतो.